चन्नप्पाअण्णांचं विसरणं

चन्नप्पाअण्णांना आपले सगळे अपमान तोंडपाठ होते. कुठल्या लग्नात कुणी पापड वाढला नाही, हे ते तिथीसकट सांगत आणि वर म्हणत, "ध्यानात हाय की!" सोलापुरात आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा सख्ख्या धाकट्या भावाशी त्यांनी बोलणं टाकून वर्षं लोटली होती. अण्णांच्या लेकीच्या लग्नात त्यानं शेंगाचटणीला अळणी म्हटलं होतं. भाऊ राहायचा समोरच.

त्या भावाचं एक अंग लुळं पडलं आणि अण्णांची घालमेल सुरू झाली. चपला घालायच्या, उंबऱ्यापर्यंत जायचं, परत यायचं, चपला काढायच्या. मग एकदा ते सायकलवरून पडले. हात झोळीत आला, आणि अण्णा म्हणाले, "मला मागचं काय बी आठवंना!" लगेच जाऊन भावाच्या खाटेवर बसले. "काय रं तम्मा, लई वाळलास की!"

गल्ली हळहळली. मी कशाला हळहळते! मानसशास्त्र घेऊन नुकतीच बी.ए. झालेली, डोक्यात एक पुस्तक, बाकी जागा रिकामी. अण्णांना ताटात पळी, अडकित्ता, लिंबू असलं काहीबाही दाखवलं. मग त्यातली एकेक वस्तू न दाखवलेल्या वस्तूशेजारी धरून विचारलं, "मघाशी यातली कुठली पाहिली?" खरा विसरलेला माणूस अंदाजानं निम्मं तरी बरोबर सांगतो. अण्णांनी एकूणएक चुकवलं. इतकं बिनचूक चुकायला सगळं आठवावं लागतं!

त्यांची बायको गौराक्का खवळली. "खांदा ठणकतोय त्यांचा. त्यात तुजी पळी ध्यानात ऱ्हातीय व्हय?"

माझी दाढ सुजून गालाचा बटाटेवडा झाला होता. म्हटलं, "मग घ्या माझी परीक्षा!" तिनं माझ्यापुढं वेगळ्या वस्तूंचं ताट मांडलं. मी कण्हत कण्हत सगळं बरोबर सांगितलं. दुखण्यानं एवढी सोपी परीक्षा बुडत नाही, हे सिद्ध! पदर खोचून तडक समोर गेले. अण्णा एका हातानं भावाचे पाय चेपत होते.

"काका, अण्णांना सगळं आठवतंय. सोंग आहे हे!"

अण्णांचा हात थांबला. कुणाकडे न बघता ते उठायला लागले.

भावानं चांगल्या हातानं त्यांचं धोतर धरलं. मग माझ्याकडे टक लावून पाहिलं. रोज सकाळी त्याला पेज मीच भरवायची.

"अण्णा," तो अडखळत म्हणाला, "ही पोरगी कोण? मला बी काय आठवंना बगा."

अण्णा खाली बसले आणि त्यांनी दुसरा पाय चेपायला घेतला.