सहावी 'ब'चे दोन खंडोबा

"माझ्या तासाला पाठांतर चालणार नाही," असं मृण्मयी गायधनीनं सहावी 'ब'च्या वर्गाला जूनमध्येच ठणकावून सांगितलं होतं. "पुस्तकात छापलंय म्हणून कुणी काही सांगायचं नाही. जुनी माणसं कशी राहत होती हे कळायला हवं असेल, तर त्यांच्या वस्तू हातात घ्यायच्या, उलट्यासुलट्या करून बघायच्या, प्रश्न विचारायचे. आणि एक नियम कायमचा. जुनी वस्तू घासायची नाही. तिच्यावरचा मळ हाच तिचा इतिहास."

"बाई, म्हणजे गाइड नाही आणायचं?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"अजिबात नाही."

वर्ग खूश झाला. पंचवटीतल्या त्या शाळेत इतिहास म्हणजे धड्याखालचे प्रश्न आणि गाइडातली उत्तरं, अशी वर्षानुवर्षांची वहिवाट होती. मृण्मयी नुकतीच बी.एड. होऊन आलेली. या पोरांना डोळे उघडे ठेवून बघायला शिकवायचं, हे तिनं मनाशी अगदी पक्कं केलं होतं. नोकरी मात्र अजून पक्की व्हायची होती.

दिवाळीची सुट्टी संपली आणि हडप्पाचा धडा आला. बाईंनी फर्मान काढलं की प्रत्येकानं घरातली सगळ्यात जुनी वस्तू आणायची.

बाईंची चूक एवढीच झाली, की घरात जुनं काही उरलंय असं त्यांनी गृहीत धरलं. ते एकोणीसशे नव्याण्णव साल होतं. नाशिकच्या घराघरांतली तांब्यापितळेची घंगाळं, पराती भांडीवालीच्या टोपलीतून केव्हाच निघून गेली होती आणि त्यांच्या जागी स्टीलचे डबे नि प्लॅस्टिकचे टब आले होते. त्यामुळे पोरांनी घरं धुंडाळून जे मिळेल ते आणलं. एकानं बंद पडलेला रेडिओ आणला. एकानं भोक पडलेला तांब्या आणला. ओम नावाच्या शहाण्यानं आजोबांची कवळी आणली. ती रोजच्या वापरातली असल्यामुळे आजोबा दुपारपर्यंत वरणाच्या पाण्यावर बसून राहिले.

आणि दोघांनी देव आणले.

सगळं विकून झालं तरी देव कुणी विकत नाही, त्यामुळे घरातलं सगळ्यात जुनं तेच शिल्लक होतं. मयुरेशचे वडील रामकुंडावर उपाध्येपण करायचे. आजी, म्हणजे गोदावरीबाई, प्रवचनाला गेलेली बघून त्यानं देव्हाऱ्यातला खंडोबाचा चांदीचा टाक खिशात घातला. सृष्टी मखमलाबादच्या फुलशेतीवाल्यांची. तिच्या आजीनं, नवसाबाईनं, आपल्या हातानं टाक नव्या खणात गुंडाळून दिला होता. वर सांगितलं होतं, "देव शाळंत चाललाय, नीट ने. बाईंनी मागितलाय म्हनून देते, नायतर चंपाषष्ठी तोंडावर आलीया."

दोन्ही टाक तळहातात मावणारे. दोन्हींवर घोड्यावर बसलेला खंडोबा. एकावर भंडाऱ्याची पुटं, दुसऱ्यावर गंधाची नि समईच्या काजळीची. दोन्ही काळेकुट्ट आणि दोघांचंही नाक जवळजवळ गेलेलं.

"नाक का झिजलं असेल?" मृण्मयीनं विचारलं.

"बाई, सगळे तिथूनच गंध लावत असतील," सृष्टी म्हणाली. "अंगठा वरून खाली येतो ना, तसा."

मृण्मयीला भरून आलं. पुस्तकात नसलेलं वाक्य सहावी 'ब'मध्ये पहिल्यांदाच कुणीतरी बोललं होतं. तिनं दोन्ही टाकांना दोऱ्यानं नावाच्या चिठ्ठ्या बांधल्या आणि ते टेबलावर मधोमध मांडले.

तेवढ्यात मुख्याध्यापक दिवाकर सर आले. दुसऱ्या दिवशी शिक्षणाधिकारी भेटीला येणार होते, त्यामुळे सर सकाळपासून भिंतीवरची कोळिष्टकं मोजत फिरत होते.

"हे काय भंगार मांडलंय, मॅडम?"

"सर, प्रदर्शन आहे. प्राचीन वस्तूंचं."

"असू दे. पण देव किती कळकट! जरा घासून घ्या."

"सर, जुनी वस्तू घासायची नसते. मळ काढला की..."

"मॅडम, साहेब उद्या येताहेत, पाच हजार वर्षांनी नाही."

ती दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा सर म्हणाले, "तुमच्या कायम होण्याचा प्रस्ताव याच साहेबांकडे आहे, बरं का." मग मात्र ती गप्प झाली. तिथेच तिनं पाय रोवून उभं राहायला हवं होतं. ते तिला पुढे कितीतरी वेळा वाटलं, पण त्या दिवशी तिनं शिक्षक-खोलीच्या बेसिनवर नळ सोडला. चिठ्ठ्या भिजू नयेत म्हणून सोडून ठेवल्या आणि पांढरं दंतमंजन घेऊन खंडोबाला घासायला सुरुवात केली. काळं पाणी वाहून गेलं. खालून चांदी निघाली आणि खरं सांगायचं तर तिला घासताना मजाही वाटली.

नॅपकिनवर डावीकडे सृष्टीचा, उजवीकडे मयुरेशचा, असं तिनं मनात घोकून ठेवलं होतं. ती हात पुसायला वळली आणि पाठीमागून आवाज आला, "वा! आता कसे देव वाटताहेत!" दिवाकर सर दोन हातांत दोन खंडोबा घेऊन उजेडाकडे धरत होते. मग त्यांनी ते कौतुकानं खाली ठेवले.

"सर, कुठला कुठे होता?"

"म्हणजे? दोन्ही इथेच तर आहेत!"

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांनी चहा घेतला, मुतारीत पाणी असतं का विचारलं, सही केली आणि गेले. सहावी 'ब'च्या दारावरूनसुद्धा ते गेले नाहीत.

शाळा सुटताना मृण्मयीनं दोन्ही टाक पुढे केले. "आपापला घ्या."

मयुरेशनं दोन्ही बघितले. "बाई, माझा काळा होता."

"माझापण काळाच होता," सृष्टी रडवेली होऊन म्हणाली. "बाई, तुम्ही घासला?"

सगळा वर्ग मृण्मयीकडे बघत होता.

पुढच्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत दोन्ही आज्या समोरासमोर बसल्या. गोदावरीबाई टेबलाला पदर लागणार नाही अशा बेतानं खुर्चीच्या टोकावर टेकल्या. नवसाबाई शेवंतीची टोपली शेजारी ठेवून ऐसपैस बसली. मृण्मयीनं झालं ते सगळं सांगून टाकलं.

"देवाला दंतमंजन लावलंस?" गोदावरीबाई कडाडल्या. "का गं? त्याला कीड लागली होती?"

"आजी, चुकले मी."

"मी फक्त स्वच्छता असावी इतकंच म्हटलं होतं," दिवाकर सरांनी हात वर केले. "आपण चिठ्ठ्या टाकू या का?"

"कुळाच्या देवाच्या चिठ्ठ्या? रेशनचं रॉकेल आहे का ते?"

दारातून सहावी 'ब'ची पोरं डोकावत होती. मृण्मयी मान खाली घालून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी टपटपत होतं. नवसाबाईनं तिच्याकडे पाहिलं, झटकन पुढे होऊन एक टाक उचलला आणि म्हणाली, "ह्यो आमचा. वळखला म्या. चला, फुलं कोमेजत्यात." गोदावरीबाईंनी उरलेला टाक रुमालात घेतला, देव शुद्ध करायला लागणाऱ्या गोमूत्रापासूनची सगळी यादी मोठ्यानं म्हणून दाखवली आणि त्याही गेल्या. मृण्मयीच्या जिवात जीव आला.

तो फार दिवस टिकला नाही. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत मयुरेश टेबलापाशी आला. "बाई, आजी म्हणते हा टाक आमचा नव्हेच. तुम्हाला मुद्दाम सांगायला सांगितलंय."

सृष्टी मागेच उभी होती. "आमची आजीपण म्हणते देव परका वाटतो. पण तुम्हाला सांगू नको म्हणाली."

मृण्मयीला रडावं की नाचावं कळेना. दोघींकडेही चुकीचा टाक आहे, म्हणजे नुसती अदलाबदल केली की झालं! एवढा सोपा हिशोब इतके दिवस कुणाला सुचला नव्हता. शाळा सुटताच तिनं सृष्टीला लूनावर मागे बसवलं, मखमलाबादला जाऊन नवसाबाईकडून टाक मागून घेतला आणि एकटीच परत पंचवटीत आली.

गोदावरीबाईंनी टाक निरांजनाजवळ नेला. डोळे मिटून खंडोबाच्या तोंडावरून अंगठा फिरवला, वरून खाली. पुन्हा फिरवला.

"हाही नव्हे."

"असं कसं, आजी? दोनच तर होते!"

"मला काय विचारतेस? पन्नास वर्षं गंध लावतेय, माझ्या बोटाला कळत नाही होय? दोन्ही परके आहेत. ठेव त्यातला कुठलाही, उद्या नैवेद्याला कुणीतरी बसायला हवा." त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच मृण्मयीला सोसवेना. त्यांनी हातातलाच टाक देव्हाऱ्यात ठेवला आणि तिच्याकडे न बघता वाती वळायला घेतल्या.

दुसरा टाक घेऊन ती मखमलाबादला परतली तेव्हा चुलीपुढं भरताची वांगी रचून ठेवलेली होती. नवसाबाईनं पदराला हात पुसले आणि देव घेतला. तिचाही अंगठा वरून खाली आला आणि थांबला.

"हाही नाही ना?" मृण्मयीनं विचारलं.

"ह्यो बी नाय, बाई."

"मग तो शाळेत तुम्ही कसा ओळखलात?"

"कुठं वळखला? तुमी रडत होता, पोरं बघत होती. कुनीतरी उचलायला नको का?"

मृण्मयी ओसरीवर मटकन बसली. दोन घरांत मिळून दोन देव होते आणि दोन्ही घरांतला देव गेला होता, आणि तो कुठं गेला हे तिला नेमकं माहीत होतं. तो शिक्षक-खोलीच्या बेसिनमधून गेला होता. "मला माफ करा," ती म्हणाली. त्यात काही अर्थ नाही हे तिला बोलतानाच कळत होतं.

नवसाबाईनं टाक पाटावर ठेवला, भंडाऱ्याची वाटी आणली आणि तिच्यापुढं सरकवली. "घ्या. धुतला तुमी, आता मळवायला बी तुमीच लागा."

मृण्मयीनं चिमूटभर भंडारा घेतला आणि अंगठा नाकावरून खाली आणला. चांदी इतकी गुळगुळीत झाली होती की पिवळी पूड क्षणभर दिसली आणि सगळी पाटावर सांडली.

"पुन्यांदा लावा," नवसाबाई म्हणाली आणि वांगी भाजायला वळली.