समाधानी असाल तर एक दाबा

२०२४ साली, पोळा झाल्यावर, नवीन जालन्यातल्या एका मोठ्या दवाखान्याने तीर्थपुरीच्या झुंबरबाईंच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला काढून घेतला आणि निकाल फोनवर मिळेल असं सांगितलं. रुग्णाला हेलपाटा पडू नये, असं धोरण होतं. नंबर मुलाचा, अंगदचा लिहिला. कारण झुंबरबाईंकडे फोन नव्हता, फक्त गाठ होती.

पूर्वी असं नव्हतं. गावातले जुने डॉक्टर माणसाला समोर बसवत, पाणी द्यायला सांगत आणि मग चष्मा काढत. चष्मा निघाला की काय ते समजायचं. सासऱ्यांच्या वेळी झुंबरबाईंनी तो निघताना पाहिला होता. फोनला चष्मा नसतो.

निकाल आला तेव्हा अंगद देवानंदच्या सलूनमध्ये होता. गालांना फेस, म्हणून देवानंदनेच फोन स्पीकरवर धरला. दवाखाना गोपनीयतेबाबत फार काटेकोर होता. "माहिती फक्त नोंदणीकृत क्रमांकालाच दिली जाईल. कृपया ओटीपी सांगा." देवानंदने तो मोठ्याने वाचला. बाकड्यावरच्या मंडळींनी बराबर असल्याची ग्वाही दिली. मग रुग्णाचं नाव, वय, गाव यांची खात्री करून त्या गोड आवाजाने निकाल सांगितला. वस्तरा गालावरच थांबला.

घरी येऊन अंगद म्हणाला, "सगळं बराबर हे, आई." वाईट बातमी जिची असते तिला सोडून सगळ्यांना सांगायची, ही आपली रीत.

दुसऱ्या दिवशी साधनाने, म्हणजे सुनेने, न मागता चहात साखर जास्त घातली. बांधाच्या भांडणावरून बोलणं टाकलेली झुंबरबाईंची जाऊ चक्क सफरचंदं घेऊन आली. शेजारचे पाशामियाँ "आपा, अल्ला बडा हे" म्हणत डोळे पुसून गेले.

"मला झालंय तरी काय?" झुंबरबाईंनी विचारलं.

"कुठं काय! ठणठणीत तर हायेस," जाऊ म्हणाली, आणि दोघींचा एक फोटो काढून घेतला.

डॉक्टरांनी ऑपरेशन जल्दी करायला सांगितलं होतं. पण ते आईला न कळता करायचं कसं, यावर घरात एकमत होत नव्हतं. शेवटी झुंबरबाईच हट्टाने अंगदच्या मोटारसायकलवर बसून दवाखान्यात गेल्या.

"पोरी, माझा निकाल सांग."

काउंटरवरची अर्पिता अदबीने म्हणाली, "आजी, निकाल समोर सांगत नाहीत. फोनवरच."

"अगं, मी उभी हे ना समोर! गाठ बी संगट आणली हे."

"पण तुमचा नंबर नोंदणीकृत नाही. तुम्ही फक्त रुग्ण आहात."

नियमाप्रमाणे तिने नोंदणीकृत क्रमांकाला फोन लावला. तो झुंबरबाईंच्या पाठीमागे, अंगदच्या खिशात वाजला. त्याने तोंड फिरवून घेतला. "हो, कळलंय मला. आईला काही बोलू नका."

"रुग्णाची गोपनीयता पूर्णपणे राखली जाईल," अर्पिता म्हणाली. कुणापासून, ते धोरणात नव्हतं.

दसऱ्याच्या आसपास, अंगद अंघोळीला गेलेला असताना ओट्यावर त्याचा फोन वाजला. झुंबरबाईंनी उचलला.

"नमस्कार. झुंबरबाई यांच्या कर्करोगाचा निकाल आपल्याला फोनवर कळवण्यात आला होता. आमच्या सेवेबद्दल समाधानी असाल तर एक दाबा. नसाल तर दोन."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी झुंबरबाईंशी खरं बोललं होतं. त्यांनी एक दाबला.

"साधना, चहात साखर कमी घाल," त्या म्हणाल्या. "आन् त्याला म्हणावं, आंग पूस. जालन्याला जायचंय, ऑपरेशनची तारीख घ्यायला. मला ठाऊक न्हाई असं समजून चाललात तरी चालंल."

ऑपरेशन झालं. झुंबरबाई आहेत, गेलेले केस परत आले, जरा कुरळे. जावेने पुन्हा बोलणं टाकलं, तेव्हा त्या बऱ्या झाल्याची पाशामियाँना खात्री पटली. देवानंदच्या बाकड्यावर आता जागा मिळत नाही. अर्पिताला बढती मिळाली आणि दवाखान्याला रुग्णसमाधानाचं पारितोषिक. त्यात झुंबरबाईंचाही एक आहे. अंगद अजून म्हणतो, "तिच्या भल्यासाठीच केलं."

त्याला हसून झालं असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या केसपेपरवर कुणाचा नंबर आहे, ते जरा बघून या. आणि "सगळं बराबर आहे" हे त्यांना शेवटचं कुणी सांगितलं, तेही आठवा.