तेरियो कुठंय फोटोत?

साठाव्या वाढदिवसाला तेरियोला बोलवायचं नाही, असं दोलोनं मुद्दाम ठरवलं नव्हतं. ते आपोआप ठरत गेलं, असं तो पुढं बरेच दिवस स्वतःलाच समजावत राहिला.

झालं असं, की सुनेचे आईवडील मनिलाहून येणार होते. वडील इंजिनियर, आई कॉलेजात शिकवणारी. दोघं इतकं हळू बोलत, की घास चावणं थांबवल्याशिवाय ऐकू येत नसे. आणि तेरियोनं तर इलोइलो-गिमारास बोटीच्या इंजिनाशेजारी तीस वर्षं काढलेली. घरात "मीठ दे" म्हणाला तरी शेजारीण मीठ घेऊन यायची. कराओकेचा माईक एकदा हातात आला, की तो सोडवायला तीन माणसं लागत. त्याच बोटीवर दोलो तिकिटं फाडायचा. दोलोच्या मुलाच्या बाप्तिस्म्यात तेरियो धर्मपिता झाला, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांना 'पारे' म्हणत.

"पारे, साठ ना यंदा? डुक्कर कधी भाजायचं?" पंधरा दिवस आधी तेरियोनं भर मासळीबाजारात आरोळी ठोकली होती.

दोलोच्या तोंडून निसटलं, "कसलं डुक्कर! डॉक्टरनं सगळं बंद केलंय. मीठसुद्धा. यंदा काही नाही, पारे."

तेरियोचा चेहरा एवढासा झाला. "जीवाला सांभाळ रे," तो म्हणाला. तेही हळू आवाजात. दोलोनं त्याचा हळू आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

वाढदिवस झाला झोकात. अख्खं डुक्कर तोंडात सफरचंद धरून केळीच्या पानांवर तांबूस होऊन झोपलं होतं. त्याच्या एका बाजूला दोलो, दुसऱ्या बाजूला इंजिनियर व्याही, असा फोटो सून जोव्हेलिननं दोलोच्याच फोनवर काढला.

"पपा, फेसबुकवर टाकू?"

"टाक की! विचारतेस काय? सगळे टाक."

निवृत्त झाल्यापासून दोलो रोज सकाळी दुसऱ्यांच्या मेजवान्या फोनवर बघत चहा पीत असे. कुणाचा नातू, कुणाचं नवं घर, कुणाची समुद्रकाठची पार्टी. आपल्याला कुणी विचारत नाही, हे त्याला त्या फोटोंतून रोज नव्यानं कळायचं. आता बंदरावरच्या लोकांना कळू दे, आपल्या पागुंतालानांच्या घरी इंजिनियर जेवतात!

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फोटोखाली शहाऐंशी बदाम जमले. दोलो एकेक नाव चवीनं वाचत होता. सत्त्याऐंशीवा बदाम त्याच्या डोळ्यांदेखत उमटला. नाव होतं एमितेरियो गालिएगो.

दोलोनं कप खाली आपटला. "फेली, तेरियोनं बघितला गं फोटो!"

"मग? मी म्हटलं होतं बोलवा म्हणून," त्याची बायको फेली स्वयंपाकघरातून म्हणाली. "शिवी दिली का त्यानं?"

"बदाम दिलाय."

"मग तर मेलातच तुम्ही."

तेही खरंच होतं. तेरियोनं शिवी दिली असती तर दोलोनं उलटी शिवी घातली असती, आणि मामला मिटला असता. बदामाला काय उत्तर द्यायचं? फोटो तरी काढून टाकावा म्हणून तो फोन दाबू लागला. जोव्हेलिन आईवडिलांना विमानतळावर सोडायला गेलेली. चष्मा सापडेना. फोननं काहीतरी विचारलं, दोलोनं 'हो' म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा 'हो'. फोटो गेला नाहीच, उलट त्याच्या वर ठळक अक्षरं आली, 'तेओदुलो पागुंतालान, एमितेरियो गालिएगोसोबत.'

पाच मिनिटांत बंदरावरचे जुने सोबती जागे झाले. एकानं लिहिलं, "तेरियो कुठंय फोटोत?" दुसऱ्यानं लिहिलं, "मधोमध आडवा पडलाय तो नव्हे?" तिसरा म्हणाला, "छे, तेरियो असता तर त्याच्या तोंडात सफरचंदाऐवजी माईक असता."

दोलोनं फोन उशीखाली कोंबला, शर्ट चढवला आणि बाजारातून चांगला हातभर लांबीचा मासा घेऊन तडक तेरियोचं घर गाठलं. तेरियो अंगणात जाळं विणत बसला होता.

"पारे, मला माफ कर," दोलो उभ्या उभ्याच सुरू झाला. "तू बघितलंसच सगळं. आमचे व्याही मोठे लोक, मला वाटलं, तू मोठ्यानं बोलशील, गाशील... लाज वाटली मला तुझी. आता माझी मलाच वाटतेय. पण तू वर बदाम दिलास, तो माझ्या काळजाला लागला बघ!"

तेरियोनं जाळं खाली ठेवलं. "कसला बदाम?"

"फोटोला. वाढदिवसाच्या."

"माझा फोन बाकोलोदला आहे, नातीकडं. महिना झाला. ती पोरगी दिसेल त्याला बदाम देते. परवा एकाच्या मयताच्या बातमीलासुद्धा दिला." त्यानं दोलोकडं बघितलं. "वाढदिवस केलास?"

दोलोच्या हातातला मासा जड झाला. आपण तोंड उघडलं नसतं, तर या माणसाला एवढ्यात काही कळलंच नसतं.

"डुक्कर होतं?" तेरियोनं विचारलं.

"होतं."

"कातडी कुरकुरीत झाली होती?"

"झाली होती, पारे."

तेरियोनं मान डोलावली, जाळं पुन्हा उचललं आणि एक गाठ घातली, सोडली, पुन्हा घातली. 

एवढ्यात तेरियोची बायको कोरिंग, जिला दोलो 'मनांग' म्हणजे ताई म्हणे, दारात आली. "दोलो! उन्हातान्हात कशाला आलास असल्या तब्येतीत? दोन बुधवार मोलोच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावतेय तुझ्यासाठी. चल, जेवायलाच बस."

दोलो कबुली द्यायला तोंड उघडणार, तोच तेरियोनं त्याचं मनगट धरलं. "तिला सांगू नकोस," तो म्हणाला. पुन्हा त्याच हळू आवाजात. "माझं मी बघून घेईन. पण ती गुडघे टेकून बसलीय रे तिथं. तिचे गुडघे दुखतात."

पानं वाढली. तेरियोच्या ताटात तळलेलं डुकराचं मांस आणि मिरचीचं व्हिनेगर होतं. दोलोपुढं उकडलेल्या भोपळ्याचं पाणी आलं. मनांग कोरिंगनं ते वेगळ्या भांड्यात केलं होतं, मिठाचा कण न घालता.

"फिक्कं लागतंय का रे?" तिनं काळजीनं विचारलं. "आता जन्मभर असंच खायचंय तुला. इथं येशील तेव्हा मी वेगळं करत जाईन, संकोच करू नकोस."

दोलोनं चमचा तोंडात घातला. गिळला. "नाही, मनांग. अगदी बरोबर झालंय."

तेरियोनं मांसाचा तुकडा व्हिनेगरमध्ये बुडवला, आणि मान वर न करता, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आणखी वाढ त्याला!"