तेल कोणतं घातलं?

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी सासूबाईंच्या शिलाई मशीनमध्ये खोबरेल तेल घातलं. सांगून टाकते एकदाचं. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. केसांना चालतं, अंगाला चालतं, मग मशीनला काहून नाही चालणार? जबलपूरच्या जानेवारीत ते तेल मशीनच्या पोटात थिजलं. चाक जागचं हलेना. मग मी आणखी हुशारी केली. मशीन अंगणात उन्हात नेऊन ठेवली आणि वरून शाल पांघरली.

शेवटी सासूबाईंनी शेजारच्या ढोमणे भाऊजींना हाक मारली. ते फॅक्टरीत नोकरीला होते आणि रविवारी घरोघर जाऊन शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. आले ते इस्त्रीचा पांढरा शुभ्र शर्ट घालून. मशीनला कान लावला. मग नाक लावलं. मग माझ्याकडे न बघता अगदी गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, आता मशीनचे केस छान वाढतील."

तेव्हापासून आजतागायत, मी दारात दिसले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. नमस्कार नाही, तब्येत नाही. "काय वहिनी, आज तेल कोणतं?"

या माणसाची तऱ्हाच वेगळी. "मशीन बिघडत नसते, रुसते," असं त्यांचं म्हणणं. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत मालकिणीने शेजारी बसून राहायचं. मध्येच कोणी उठली की पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, खाली. "बसा जी. तुमची मशीन आहे, माझी नाही." काळ्या तेलात दिवसभर हात घालायचे, पण शर्टावर एक ठिपका पडायचा नाही. शर्ट पांढराच का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कोणाच्या घरी जायचं तर पाहुण्यासारखं जावं."

मग लोक तयार कपडे घेऊ लागले. भाऊजी रिटायर झाले, त्यांच्या पत्नी वत्सलावहिनी गेल्या, आणि एक वेळ अशी आली की दीड वर्षात एकही बोलावणं नाही. मुलगा बंगळुरूहून रोज फोन करायचा, "बाबा, अकेले क्या कर रहे हो? चले आओ." भाऊजींनी त्याला होळीची मुदत दिली. होळीपर्यंत काम आलं तर ठीक, नाहीतर हत्यारं विकायची आणि बंगळुरू. दिवसभर बनियनवर ओट्यावर बसून राहायचे. दाराशी हत्यारांची पिशवी तशीच भरलेली.

हे मागच्या वर्षीचं. तेव्हा मी सत्तरीची, म्हणजे तरुणच होते, आणि अक्कलही वयाला शोभेल अशीच. नात सई कॉलेजात शिकते. तिच्या लॅपटॉपवर फुकटात वेबसाइट बनवता येते असं कळलं आणि मी पदर खोचला. "भाऊजी, तुमची वेबसाइट करून राहिले मी."

पंधरा दिवस आम्ही दोघं भांडलो. तयार नमुन्यात एका हसऱ्या गोऱ्या मुलीचा फोटो होता. भाऊजी म्हणाले, "ही कोण? हिची मशीन मी कधी पाहिली नाही. काढा." तिच्या जागी मशीनला कान लावलेले भाऊजी आले. खाली फॉर्म. नाव, पत्ता, शेवटचं काय शिवलं, आणि तेल कोणतं घातलं. या शेवटच्या प्रश्नापुढे त्यांनी लाल चांदणी घालायला लावली, म्हणजे उत्तर दिल्याशिवाय फॉर्म पुढे जाणारच नाही.

"आणि फोन नंबर?" मी विचारलं.

"अजिबात नाही. फोनवर माणूस खोटं बोलतो. मी समोर जाऊन ऐकतो."

वेबसाइट झाली. सई म्हणाली, "आजी, एक बार खुद भरके देख लो, चलता है कि नहीं." आणि कॉलेजला गेली. मी चष्मा लावून बसले. खरं नाव घातलं तर गंमत कसली? लिहिलं, सौ. कमलाबाई कोहळे, तिलवारा, पुलाजवळ, म्हणजे शहराच्या पार टोकाला. शेवटचं काय शिवलं? नातवाचं झबलं. तेल कोणतं? इथे मला हसू आवरेना. खोबरेल. बटण दाबलं, फॉर्म गेला, आणि मी खुशीत जाऊन आडवी झाले. तो थेट भाऊजींच्या मोबाइलवर गेला असेल, हे डोक्यातच आलं नाही.

चहाच्या वेळी खिडकीतून बघते तर भाऊजी स्कूटर काढून राहिले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, खांद्याला पिशवी. मला वाटलं, कोणाचं तरी लग्न असेल. पण लग्नाला हत्यारं कशाला? माझ्या हातातला कप तसाच राहिला. धावत गेटपर्यंत पोचले, पण स्कूटर कोपऱ्यावरून वळली होती. फोन केला, तर तो त्यांच्याच घरात वाजत होता.

खोबरेल वाचल्यावर हा माणूस थांबणार कसा?

दिवेलागणीला परत आले. मी त्यांच्या ओट्यावरच बसून होते. शर्टाच्या पाठीवर घामाचे डाग. म्हणाले, "सगळं तिलवारा पालथं घातलं, वहिनी. पंक्चरवाल्याला विचारलं, भैया, यहाँ कमला कहाँ रहती है? त्याने नेऊन दाखवली. म्हैस निघाली." मला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं. सांगून टाकलं सगळं. कमलाबाई मी, झबलं मी, खोबरेलही मीच. वर म्हटलं, "रागवा, भाऊजी. काहीतरी बोला."

त्यांनी पिशवी खांद्यावरून उतरवून दाराशी तिच्या जागी ठेवली. बाह्या नीट खाली केल्या, एकेक बटण लावलं, आणि म्हणाले, "जाऊ द्या, वहिनी. दीड वर्षाने आज कोणाकडे तरी जायचं म्हणून शर्टाला इस्त्री केली. पुढच्या आठवड्यात पुन्हा एखादी बाई बनवाल, तर तिला घर जरा जवळचं द्या."