गिटारची तिसरी कॉइल

कोमलच्या इलेक्ट्रिक गिटारमधून भुंऽऽ असा आवाज यायचा आणि घरात त्याचा त्रास एकाच माणसाला व्हायचा. तिच्या वडिलांना. आखाडा बाळापुरात बावीस वर्षं पाण्याच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या, म्हणजे त्यांच्या जळालेल्या कॉइल नव्यानं गुंडाळून देणाऱ्या मुंजाजींना भुणभुण सहन होत नसे. मोटार भुणभुणली की ती जळायला टेकली, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

"शुक्रवारी हिंगोलीला कॉलेजच्या गॅदरिंगमधी वाजवायचंय तिला," ते बायकोला म्हणाले. "स्टेजवरच गिटार बसली तर?"

"दुरुस्त करा म्हनून तिनं म्हन्लं का तुमाला?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"लेकरू काहून म्हनन? मोटार तरी कधी सोताहून म्हनते का?"

बुधवारी सकाळी कोमल कॉलेजच्या बसला गेली आणि मुंजाजींनी गिटार घराच्या पुढच्या खोलीत, म्हणजे दुकानात आणली. तारा सोडल्या, वरची प्लास्टिकची पट्टी उचलली आणि त्यांचा चेहरा खुलला. आत कॉइलच होत्या. लोहचुंबकाभोवती केसासारखी तांब्याची तार गुंडाळलेल्या तीन कॉइल. एक गिटारच्या मानेजवळ, एक मध्ये आणि एक खाली, तारा अडकवतात त्या पट्टीजवळ. इतके दिवस आपल्याच धंद्याची वस्तू घरात वाजत होती आणि कुणी सांगितलं नाही, याचं त्यांना वाईटही वाटलं.

कॉइल दिसली की मुंजाजी टेस्ट लॅम्प लावून बघत. घरच्याच विजेच्या दोन वायरी, मध्ये शंभरचा बल्ब. टोकांना वायरी टेकवल्यावर बल्ब पेटला तर कॉइल चांगली. त्यांनी मानेजवळच्या कॉइलला वायरी टेकवल्या. बल्ब पेटला नाही.

"सापडला फॉल्ट," ते स्वतःशीच म्हणाले. मग खात्री म्हणून मधलीला टेकवल्या. इथंही बल्ब पेटला नाही, म्हणून जरा दाबून धरल्या. तेव्हा वास आला. तो वास मुंजाजी दाराबाहेरून ओळखत. इतक्या बारीक तारेला ही वीज म्हणजे तान्ह्या लेकराला ज्वारीची भाकर, हे त्यांच्या ध्यानात आलं, पण दोन भाकरी भरवून झाल्यावर.

द्वारकाबाई हात पुसत आल्या. "काय जळून राहिलं?"

"काही न्हाई. दोन गेल्या. एक हाय."

"तिला हात लावू नका."

दुकानातली सगळ्यात बारीक तार टेबलफॅनची, आणि तीही या कामाला जाडजूड. योग्य तार नांदेडहून यायला सोमवार उजाडणार होता. मुंजाजींनी उरलेली तिसरी कॉइल जोडली, तारा चढवल्या, स्पीकर लावला. भुंऽऽ तसंच. द्वारकाबाईंनी कोपऱ्यात चाचणीला फिरत असलेली पाण्याची मोटार बंद केली. भुंऽऽ गेलं.

"तुमचीच मोटार वाजून राहिली होती," त्या म्हणाल्या. "भिंतीपल्याड लेकरू गिटार घेऊन बसतं अन् हिकडं तुमी फिरवता."

मुंजाजी स्टुलावर बसले. लेक दोन वर्षं चौथीच्या पोरांच्या शिकवण्या घेत होती, ती या गिटारसाठी. तिनं विश्वासानं घरात ठेवलेली वस्तू आपण तिच्या पाठीमागं जाळली होती. त्यांनी तार छेडली. पट्टीजवळच्या त्या कॉइलमधून आवाज आला तो पत्रा कापल्यासारखा.

"हिचा आवाज असा न्हवता. तिला लगेच कळन."

मग त्यांनी ती कॉइल बाहेर काढली आणि तारांवर उपडी धरून हळूहळू मानेकडं सरकवू लागले. द्वारकाबाई एकेक तार छेडत होत्या.

"हितं कुरकुरून राहिली. अजून वर घ्या."

"आता?"

"आता नाकात बोलते. अजून."

मानेजवळ आल्यावर आवाज एकदम गोल झाला, भरला. कॉइल तीच, तार तीच, फक्त जागा दुसरी. मुंजाजींच्या बावीस वर्षांत कॉइलला जागेचा असा फरक पडलेला नव्हता.

"आता बराबर पोटातून बोलून राहिली," द्वारकाबाई म्हणाल्या.

तिथं तार जास्त हलत असल्यानं आवाज थोडा फुटत होता. मुंजाजींनी स्क्रूचे दोन आटे फिरवून कॉइल तारांपासून जरा खाली घेतली, तिथंच बसवली आणि कॉइल निवडायच्या बटणाच्या पाचही जागा तिलाच जोडून टाकल्या. जळालेल्या दोघी नुसत्या शोभेला बसवल्या.

संध्याकाळी कोमलनं वाजवून पाहिलं. बटण इकडं केलं, तिकडं केलं. "बाबा, कुठंबी केलं तरी एकच आवाज येऊन राहिला."

"मुद्दाम केलं. भुणभुण काढली. ऐन टायमाला बटन अडकलं तर फजिती नको."

"आवाज लई भरीव झालाय. पन शेवटी वरातीची चाल हाय ना, तिथं मला धार लागते."

मुंजाजींना जेवण गेलं नाही.

शुक्रवारी ते सभागृहात शेवटच्या रांगेत बसले. भजनाची संथ चाल भरून आली आणि लोक गप्प झाले. मग वरात आली. मुंजाजींनी डोळे मिटले. आवाज धारदार झाला, तसे उघडले. कोमलनं बटणाला हातही लावला नव्हता. तिचा उजवा हात मानेजवळून सरकत खाली पट्टीपाशी गेला होता आणि ती तिथं तारा छेडत होती. बापानं कॉइल सरकवून जे केलं होतं, ते लेक नुसता हात सरकवून करत होती. मुंजाजींनी रुमाल काढून नाक शिंकरलं.

रविवारी कोमलचा वर्गमित्र रिझवान आपली गिटार घेऊन दुकानात आला. बरोबर आणखी दोघं, दोन गिटारी.

"चाचा, कोमलच्या गिटारला केलं तसंच आमच्या गिटारीला करून द्या."

"बाबा, यांना सांगा ना," कोमल कौतुकानं म्हणाली. "सुरुवात कशी केली तुमी?"

मुंजाजींनी तीन गिटारींकडं पाहिलं. हो म्हणावं तर सहा कॉइल जाळायच्या. द्वारकाबाई दारात उभ्या राहून पदरात हसत होत्या.

"आधी दोन जाळल्या," मुंजाजी म्हणाले.

कोमलनं हळूच विचारलं, "म्हन्जे तुमी तिन्ही ऐकून ऐकून ही एक न्हाई ठरवली?"

"ऐकलं की, लई ऐकलं. पन ऐकायला तेवढी एकच उरली होती."

मग उद्या नांदेडहून तार येणार असल्याचंही मुंजाजींनी सांगून टाकलं. रिझवाननं आपली गिटार हळूच पिशवीत घातली.

"उद्या तार आली की त्या दोन नव्यानं गुंडाळा," कोमल म्हणाली. "पन बाबा, ह्या तिसरीला तिथून हलवू नका."