देवराव काकांचं उघडं तोंड

माझे देवराव काका समोरच्याच्या तोंडात आपल्या हाताने घास घालायचे आणि मग डोळे मिटून स्वतःचं तोंड उघडायचे. मिनिटभर, कधी त्याहूनही जास्त. हलायचे नाहीत, बोलायचे नाहीत. मग तोंड मिटून मुकाट्याने जेवायला लागायचे. पाहणाऱ्याची भूक मात्र मरायची.

काका गणिताचे मास्तर. ऐंशीच्या दशकात ते हबशांच्या मुलखात, इथिओपियात, शिकवायला गेले आणि बऱ्याच वर्षांनी आमच्या गावी, बोथला परतले. गेले तेव्हा चांगले गप्पिष्ट होते, येताना हे उघडं तोंड घेऊन आले. आम्ही बौद्ध माणसं, भूतखेत मानत नाही. तरी माझी माय त्यांचं ताट हातभर लांबूनच सरकवायची. विचारलं तर म्हणायची, "मानत नाई रे, पन उगाच जवळ काऊन जा?"

एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी शेजारच्या पाव्हण्याला असंच भरवलं. पाव्हणा चूळ भरायला म्हणून उठला तो थेट भीमपूरच्या गाडीत जाऊन बसला. काका आपले रिकाम्या जागेसमोर तोंड उघडून बसलेले. ते आठवलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

सगळ्यात हाल कमलकाकूचे. ती नवऱ्याकडे पाठ करून, चुलीकडे तोंड करून जेवायची. "मानूस परत आला, का त्याच्या अंगात दुसरंच कोनी आलं, काय मालूम," असं मायजवळ कुजबुजायची. शेवटी तिने बॅग भरली. रविवारच्या गाडीनं इंद्रवेल्लीला भावाकडे जायचं, ते कायमचं.

काका एवढंच म्हणाले, "जाय. पन शनिवारी सगळ्यांनी मिळून एकदा तिकडचं जेवन जेवू."

तिकडचं जेवण रांधू द्यायला हायवेवरच्या हॉटेलवाल्याला त्यांनी कसं पटवलं, त्यांचं त्यांनाच ठाऊक. ज्वारीचं पीठ दोन-तीन दिवस आंबवलं. भटारखान्यातून असा वास सुटला की मालक रडकुंडीला आला. "सर, गिऱ्हाईक विचारून राह्यलं, आत काय मेलं म्हून."

संध्याकाळी आम्ही पोचलो आणि लाइन गेली. कंदिलाच्या उजेडात भली मोठी परात आली. परातभर एकच आंबट, जाळीदार पोळी आणि तिच्यावर तिखटजाळ डाळ, पालेभाजी, मटणाचा रस्सा. ताटं नाहीत, वाट्या नाहीत. सगळ्यांनी त्या एकाच परातीतून खायचं.

मायने माझा हात घट्ट धरला. काकांनी पोळीचा तुकडा तोडला, त्यात डाळ गुंडाळली, तिकडच्या भाषेत काहीतरी पुटपुटले आणि घास काकूच्या तोंडाशी नेला. तिने भीतीपोटी घेतला. काकांनी डोळे मिटले, तोंड उघडलं. मागच्या भिंतीवर त्यांच्या सावलीनेही तोंड उघडलं. रस्त्यावरून लॉरी गेली, कंदील थरथरला, सावली हलली. काका हलले नाहीत.

काकू ताडकन उठली आणि दारापर्यंत गेली. मग काय वाटलं कोण जाणे, तिथूनच रडवेल्या आवाजात म्हणाली, "असं तोंड उघडून कोनाले बोलावता हो तुमी?"

"तुले," काका डोळे मिटूनच म्हणाले.

मग काका स्वतःच सांगायला लागले. "तिकडं पह्यल्याच दिवशी घरमालकिनीनं मले आपल्या हातानं भरवलं. जात नाई विचारली, गाव नाई विचारलं. आपून भरवलं की समोरचा आपल्याले भरवते, अशी रीत हाय त्यायची. मले वाटलं, घरी गेल्यावर..."

"मंग सांगितलं काऊन नाई?" काकूने विचारलं.

"मागून घेतलेला घास कसा गोड लागन, कमल?"

भरल्या घरात हा माणूस उपाशी होता.

काकू परत आली, त्यांच्याजवळ बसली. तिने पोळीचा तुकडा तोडून घास त्यांच्या तोंडाशी नेला. अर्धा घास त्यांच्या मिशीला लागला, अर्धा तोंडात गेला. काका चावेनात, नुसते तोंडात धरून बसले.

"गिळा आता," काकू पदराने डोळे पुसत म्हणाली, "दुसरा तयार हाय."