शहराची हद्द सोडल्याबद्दल

शहरातील गोरगरिबांच्या सेवेसाठी ख्रिस्ती नेतृत्व घडवणे हे आमच्या विद्यालयाचे ध्येय आहे; आणि असे नेतृत्व रस्त्यावर घडत नाही, सभागृहात घडते. रस्त्यावर ऊन असते. म्हणून नगरसेवेच्या अंतिम परीक्षेसाठी प्राचार्यांनी फरशीवर खडूने शहरच आखून घेतले : खुर्च्यांची वस्ती, बाकांचा पूल आणि कोपऱ्यात रुग्णालय म्हणून एक टेबल. दुःखितांच्या भूमिका करायला नाट्यमंडळाची चार माणसे बोलावली होती. परीक्षक मंडळाची अध्यक्षा मी.

परीक्षा रंगात आली असता एक झाडूवाली धापा टाकीत आत शिरली.

"अहो, माझा नवरा फाटकाशी पडलाय. बोलत नाही. कुणीतरी चला!"

प्राचार्य माझ्या कानाशी लागले, "बाई, काय जिवंत अभिनय! यंदा मंडळानं कसर ठेवली नाही."

वर्गाचा पुढारी माझाच नातू. त्याने तिला खुर्ची दिली, पाच जणांची समिती नेमली आणि शिकवल्याप्रमाणे किंचित वाकून विचारले, "मावशी, या प्रसंगाकडे तुम्ही कसं पाहता?"

"बघते कसली? ऊठ की मेल्या!"

"तुमचा राग आम्ही समजू शकतो," नातू म्हणाला. त्याला तिथेच दहापैकी दहा पडले. मग समितीने प्रार्थना आरंभली. ती उत्तम होती, त्यामुळे लांबली.

वर्गातली एक, शिंपिणीची मुलगी, 'आमेन'पर्यंत थांबली नाही. खडूच्या रेघा तुडवत ती झाडूवालीमागे धावली आणि दिवसभर परतली नाही.

दुसऱ्या दिवशी ती मंडळासमोर उभी राहिली. या निकालावर तिची नगरसेवेतली नेमणूक अवलंबून होती, आणि फेरपरीक्षा नियमात बसत नाही.

"मी रुग्णालयात होते, बाई."

"रुग्णालय कोपऱ्यात होतं," प्राचार्य म्हणाले. "तू तिकडे फिरकल्याची नोंद नाही."

"सर, ते टेबल होतं!"

"टेबलात रुग्णालय दिसणं, यालाच दृष्टी म्हणतात, मुली."

"पण तो माणूस खरा होता!"

"तसं नाट्यमंडळानंही कळवलंय. म्हणजे तो यादीत नव्हता. शिवाय त्याला तू स्वतः उचललंस. पुढाऱ्यानं स्वतः उचलायचं असतं का? उचलायला लावायचं असतं."

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी लेखणीकडे पाहिले, आणि शेरा लिहिला : 'शहराची हद्द सोडल्याबद्दल नापास.' नातू पहिला आला. शहराची धुरा आता त्याच्याकडे आहे. भाषण छान करतो.

हा वृत्तान्त मी घरी वाचून दाखवला. सून डोळे पुसत म्हणाली, "आई, त्या पोरीवर अन्याय झाला हो." चर्चचे पाळकसाहेबही तेच म्हणाले. आपणही तेच म्हणत असाल. निषेधाची पत्रे येतील, त्यांची फाईल मी उघडून ठेवली आहे. तो माणूस जगला की नाही, हे मात्र अजून एकानेही विचारलेले नाही.